घरातील मारहाण आणि मुलांचे मन
(विहारातील पालकांच्या सभेत केलेले भाषण)



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे आणि प्राणिमात्रावर दया करण्याचीही आहे. आपण धम्म स्वीकारला, घरातला जुना देव्हारा काढला. परंतु पत्नीवर उगारलेला हात त्याच घरात राहिला, तर आपले धर्मांतर उंबरठ्याबाहेरच थांबले असे म्हणावे लागेल. सिगालोवाद सुत्तात पतीची कर्तव्ये सांगताना भगवान बुद्धांनी पत्नीच्या सन्मानाला पहिले स्थान दिले आहे.

काही जण म्हणतात, 'मार आईला बसतो, मुलांना कोणी बोटही लावत नाही. मग त्यांचे काय बिघडले?' हा विचार घातक आहे. एका खोलीच्या घरात मूल झोपेचे सोंग घेऊन सर्व काही ऐकत असते. त्याचा परिणाम पुढे दिसतो. मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, शाळेत जाताना पोट दुखते म्हणून रडते, अभ्यासात मागे पडते, मोठा आवाज झाला की दचकते. एखादा मुलगा धाकट्या भावंडांना मारू लागतो, तर एखादी मुलगी अबोल होते. पुष्कळ मुलांना वाटते की हे भांडण आपल्यामुळेच झाले.

अशा मुलांना साहाय्य करताना दोन प्रकारचे लोक आडवे येतात. पहिले बाहेरचे. 'तुमच्या वस्तीत हे चालायचेच,' असे ते म्हणतात. हा जातीचा तिरस्कार आहे. स्त्रीला मारहाण सर्व जातींत, सर्व धर्मांत आणि बंगल्यांतही होते. मदतीसाठी आलेल्या माणसाने कुटुंबाची जुनी जात उकरून काढू नये. त्यांच्या बोलीत, त्यांच्या श्रद्धेचा मान राखून बोलावे. दुसरे आपल्यातलेच. 'ही गोष्ट बाहेर गेली तर समाजाची अब्रू जाईल,' असे ते सांगतात. ज्या समाजाला शतकानुशतके चौकीवर आणि कचेरीत अपमान सोसावा लागला, त्याला ही भीती वाटावी हे समजण्यासारखे आहे. परंतु समाजाच्या अब्रूचा भार लेकराच्या खांद्यावर ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग आपण काय करावे? मूल बोलेल तेव्हा शांतपणे ऐकावे. त्याची उलटतपासणी घेऊ नये आणि वडिलांसमोर त्याला काही विचारू नये. 'यात तुझा काही दोष नाही' हे वाक्य त्याला पुनःपुन्हा सांगावे. आईवडिलांचे निरोप पोचविण्याचे किंवा कोणाची बाजू घेण्याचे काम त्याच्यावर टाकू नये. वडिलांविषयी त्याला माया वाटत असेल तर तिची थट्टा करू नये. मारहाण सुरू झाली तर मध्ये न पडता कोणत्या शेजाऱ्याकडे, मावशीकडे वा आजीकडे धावायचे, हे आईने आधीच ठरवून द्यावे. १०९८ हा बालकांसाठीचा आणि १८१ हा महिलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक मुलांना पाठ असावा. विहारात मुलांसाठी अभ्यासाची एक ठरलेली जागा आणि वेळ असली, तर त्या मुलाला दिवसातून निदान दोन तास निर्भय मिळतील.

कायदाही आपल्या बाजूस आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. अनेक भगिनी 'नवरा तुरुंगात जाईल, पोरे उघड्यावर पडतील' म्हणून गप्प राहतात. त्यांनी नीट समजून घ्यावे की या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. मारहाण थांबविण्याचा, त्याच घरात राहू देण्याचा, निर्वाहखर्चाचा आणि मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मिळू शकतो. संरक्षणाचा आदेश मोडला, तर तो या कायद्याखाली शिक्षेस पात्र गुन्हा ठरतो. स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जातींच्या व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने वकिलाची मदत विनामूल्य मिळते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना पतीची मैत्रीण व्हा, दासी होऊ नका, असा उपदेश केला होता. जे मूल आपल्या आईला दासीप्रमाणे मार खाताना पाहते, त्याला समता हा शब्द पुस्तकातून शिकविता येणार नाही. तो त्याने प्रथम घरात पाहिला पाहिजे. ते घडविण्याचे काम आजच्या रात्रीपासून प्रत्येक पित्याने हाती घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जयभीम!