बाळाचा एक डोळा मोठा दिसतो तेव्हा



बाळाला न्हाऊ घालताना टाळू तेलाने आपण सगळ्याच भरतो. तसा हात फिरवताना कपाळही बघत जा.

बाळाची कवटी एकसंध नसते. हाडांच्या मध्ये शिवणी असतात. मेंदू वाढतो, तशी शिवण जागा देते. पण सुमारे २००० ते २५०० बाळांत एखाद्याची एखादी शिवण वेळेआधीच जुळते. ती कपाळाच्या एका बाजूची असली, तर त्या बाजूचं कपाळ चपटं राहतं आणि डोळ्याची खोबण वर ओढली जाते. मग तो डोळा मोठा वाटतो, भुवई उंच दिसते, नाकाचं मूळ त्याच बाजूला झुकतं. घरचे म्हणतात, "आजोबांवर गेलाय!" खरं तर दोष डोळ्यात नसून हाडात असतो. पुढे तिरळेपणा येऊन नजर अधू होऊ शकते.

एका कुशीवर झोपून डोकं मागून चपटं होतं, ते वेगळं. कूस बदलत राहिलं की ते बहुधा सुधारतं. जुळलेली शिवण मात्र मालिशने उघडत नाही. डोकं दाबून गोल करायला जाऊ नका.

दोन्ही खोबणी उथळ असल्या, तर डोळे बाहेर येतात, झोपेतही पापण्या मिटत नाहीत आणि बुबुळ कोरडं पडतं. तिथे एक दिवसही थांबू नये. नाकाच्या मुळाशी मऊ गाठ असेल आणि रडताना फुगत असेल, तर तिला दाबू नका, टोचू नका. हाडाच्या फटीतून मेंदूचं आवरण, कधी मेंदूचा भागही, बाहेर आलेला असू शकतो.

आणि सुनेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालं, असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे गप्प करा. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. बाळंतिणीला आधीच कमी ऐकावं लागतं का?

शस्त्रक्रिया बहुतेकदा बाळ वर्षाचं व्हायच्या आत करतात. काही ठिकाणी तीन-चार महिन्यांच्या बाळाची छोट्या छेदातून होते. म्हणून अंगणवाडीत तपासणी पथक येईपर्यंत थांबू नका. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात, तेव्हाच त्यांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढे पाठवतात. कॅम्प एकवरून शहाडला लोकल धरली की परळचं वाडिया मुलांचं रुग्णालय गाठता येतं.

जाताना मोबाईलवर बाळाचे दोन फोटो न्या: एक समोरून, एक डोक्याच्या वरून. जन्मानंतरचा एखादा जुना फोटो असेल तर तोही.