श्वासाचा द्वारपाल

मराठी भाषेने नाकाला अब्रूचे स्थान दिले आहे. शरीराच्या कारभारात मात्र त्याचे काम द्वारपालाचे आहे. हे काम किती कठीण, ते पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात चांगले ध्यानी येते. तेथे पौषातल्या पहाटे पारा पुष्कळदा १० अंशांखाली उतरतो, तर मे महिन्यातील दुपारी ४५ अंशांच्या घरात जातो. फुप्फुसांना मात्र बारमाही ३७ अंशांची, बाष्पाने भरलेली हवाच मानवते.

हे अंतर थोडेथोडके नव्हे. १० अंशांच्या हवेत घनमीटरमागे फार तर साडेनऊ ग्रॅम बाष्प मावते. फुप्फुसांतील हवेत ते सुमारे ४४ ग्रॅम असते. ही तूट भरून काढण्याचा बराचसा भार नाक उचलते. नाकाच्या प्रत्येक पोकळीत शिंपल्यासारखी वळलेली तीन पातळ हाडे असतात. त्यांवरील ओलसर त्वचेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. या चिंचोळ्या वाटेने जाताना हवा त्वचेला घासून ऊब आणि ओलावा घेते. उच्छ्वासाच्या वेळी त्यातील काही भाग तेथेच परत ठेवून जाते. उन्हाळ्यात याच ओलाव्याच्या बाष्पीभवनाने तापलेली हवा निवते. वाळ्याच्या ताटीतून झुळूक यावी, तशी.

दुसरे काम गाळणीचे. केस जाड धूळ अडवितात. उरलेली पुष्कळशी धूळ चिकट श्लेष्मात रुतते. त्वचेवरील अतिसूक्ष्म लव हा थर सतत घशाकडे ढकलीत असते. तेथून तो नकळत गिळला जातो.

परंतु या पहाऱ्यालाही मर्यादा आहे. आदिलाबाद हा कापसाचा मुलूख. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होताना उडणारे तंतू नाक अडविते. त्यांतील अतिबारीक धूळ आणि घरी चुलीचा धूर मात्र त्याला चुकवून छातीत उतरतात. शिवाय ओझे वाहताना दम लागला, की मजूर तोंडाने श्वास घेतो आणि पहारा टळतो. कापसाच्या धुळीने छाती आवळणारा बिसिनोसिस हा विकार वर्षानुवर्षांच्या अशाच श्वासातून जडतो. आरंभी तो साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी विशेष जाणवतो.

नाकावर बांधलेला पदर तंतू अडवितो, बारीक धूळ नव्हे. म्हणून धूळ शोषून घेणारी यंत्रे, योग्य मुखपट्टी आणि धुराला वाट देणारे स्वयंपाकघर या चैनीच्या गोष्टी नव्हेत. द्वारपाल इमानी असला, तरी वाड्याचे रक्षण धन्यालाही करावे लागते.