बनावट चित्र आणि प्रेमाची रहस्यकथा



ज्या चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसले. चित्रकला हाती आली नाही. पुढे मी कादंबऱ्या लिहू लागले, आणि त्याही प्रेम व रहस्य यांची सांगड घालणाऱ्या. आपल्या साहित्यव्यवहारात अशा लेखनाला मागच्या बाकावर बसवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तिथून वर्ग चांगला दिसतो. संयोजकांनी 'माझ्या लेखनाची प्रेरणा' हा विषय सुचवला, तेव्हा प्रामाणिक उत्तर एकच सुचले : बनावट चित्रे. सरांच्या नावाच्या व्यासपीठावरून हा विषय औचित्याला धरून आहे का, असे कोणाच्या मनात येईल. त्याचा खुलासा शेवटी करते.

हिमायतनगरच्या मुलांची सहल मुसी ओलांडून सालारजंग संग्रहालयात गेली नाही, असे सहसा होत नाही. सारी मुले त्या संगीत घड्याळापुढे गर्दी करतात. मी मात्र एका लाकडी पुतळ्यापाशी रेंगाळत असे. समोरून मान ताठ ठेवून उभा असलेला मेफिस्टोफिलिस, आणि मागच्या आरशात पाहावे तर मान खाली घातलेली मार्गारेटा. ग्योथेच्या 'फाउस्ट'मधील कपट आणि त्या कपटाला बळी पडलेली प्रीती, दोन्ही सिकॅमोरच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली. तिथेच बेन्झोनीची बुरख्यातील रिबेका आहे. या शिल्पाच्या आवृत्त्या बेन्झोनीने स्वतःच अनेक घडवल्या. पण त्यांना बनावट कोणी म्हणत नाही, कारण त्याखालचे नाव खरे आहे. नक्कल हा गुन्हा नव्हे. नाव खोटे पडले की गुन्हा सुरू होतो, आणि माझ्यासारखीची कथाही तिथेच सुरू होते.

आता आपल्याकडचाच एक प्रसंग. सय्यद हैदर रझा यांचे शिक्षण नागपूरला आणि नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले. १९५० साली ते फ्रान्सला गेले, जानीन या फ्रेंच चित्रकर्तीशी त्यांनी विवाह केला आणि तिकडेच अनेक दशके राहिले. २००२ साली जानीन गेल्या. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत रझांच्या सुरुवातीच्या काळातील चित्रांचे प्रदर्शन भरणार होते. शहाऐंशी वर्षांचे रझा स्वतः उद्घाटनाला आले, भिंतींवरून त्यांची नजर फिरली, आणि ती चित्रे आपली नाहीत हे त्यांनी ओळखले. प्रदर्शन गुंडाळावे लागले. वर्तमानपत्रांनी बाजारभावाची चर्चा केली. मला मात्र दिसत राहिला तो एक वृद्ध गृहस्थ, ज्याला त्याच्याच तारुण्याची खोटी दैनंदिनी वाचायला दिली आहे. त्या दिवसांची साक्ष द्यायला जवळचे कोणी उरले नसते तर? ही माझी कल्पना. पण कादंबरीला एवढे बीज पुरते.

हान व्हान मेगरेनची हकीकत आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. या डच चित्रकाराने सतराव्या शतकातील जुने कॅनव्हास मिळवले, त्यांवरील चित्रे खरवडली, रंगांत बेकेलाइटचे द्रव्य मिसळले, चित्र भट्टीत तापवले, गुंडाळून तडे पाडले आणि व्हर्मीरचे म्हणून खपवले. १९३७ साली ब्रेडियस या ब्याऐंशी वर्षांच्या थोर जाणकाराने त्यातील एकाला व्हर्मीरची सर्वोत्तम कृती ठरवले. व्हर्मीरची धार्मिक चित्रे कुठेतरी दडलेली असावीत, असे विद्वानांना वाटतच होते. मेगरेनने त्यांची इच्छा रंगवून दिली. प्रेमात माणूस फसतो तो याहून वेगळ्या रीतीने फसतो असे मला वाटत नाही. पण कादंबरीकाराला खरा लाभ पुढच्या भागातून होतो. व्हर्मीरचे चित्र गोअरिंगच्या हाती गेले म्हणून १९४५ साली मेगरेनला पकडले. राष्ट्रद्रोहाच्या आरोपातून सुटायला एकच वाट होती : 'मी लबाड आहे' हे सिद्ध करणे. कोणाचा विश्वास बसेना, तेव्हा पहाऱ्यात बसून त्याने आणखी एक 'व्हर्मीर' रंगवला. १९४७ साली एका वर्षाची शिक्षा झाली, आणि ती भोगण्यापूर्वीच तो वारला. माझ्या दुसऱ्या कादंबरीतील नायक असाच नायिकेसमोर स्वतःची लबाडी सिद्ध करायला धडपडतो. वाचकांना तो प्रसंग अशक्य वाटला होता.

इंग्लंडमधील जॉन मायट हा चित्रकला शिकवणारा साधा माणूस. पत्नी सोडून गेलेली, पदरी दोन लहान मुले. 'अस्सल नकला' करून देण्याची जाहिरात त्याने दिली, तिला जॉन ड्रू नावाचा ग्राहक भेटला. मायट भिंतींना लावायच्या रंगात चित्रे काढी, आणि ड्रू त्यांना वंशावळ मिळवून देई : संग्रहालयांच्या दप्तरखान्यांत अभ्यासक म्हणून बसून तो जुन्या कागदांत नवे खोटे कागद घुसवून ठेवी. म्हणजे चित्राच्या आधी त्याचा भूतकाळ बनावट झाला. हे उघडकीस आणण्यात मोठा वाटा कोणाचा? ड्रूपासून विभक्त झालेल्या त्याच्या सहचारिणीचा. घरात राहिलेले कागद तिने पोलिसांच्या हवाली केले. १९९९ साली दोघांना शिक्षा झाली. ते कागद चाळताना त्या स्त्रीने चित्रांच्या वंशावळीबरोबर आणखी काय काय तपासले असेल? त्याने सांगितलेले बालपण, दिलेली वचने, सहवासाची ती सारी वर्षे? गुप्तहेरकथा 'कोणी केले' एवढे विचारून थांबते. आमची कथा विचारते, 'ज्याच्यासोबत मी राहिले, तो कोण होता?' हा प्रश्न हलका आहे असे ज्या समीक्षकांना वाटते, त्यांच्याशी माझे जमत नाही.

आता तो खुलासा. नववीत असताना शाळेत चित्रस्पर्धा झाली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने आवारातील झाडाचे पेन्सिलचित्र काढून ठेवले होते. त्याच्या वहीतून मी ते रेघ न् रेघ उतरवले आणि खाली माझे नाव घातले. त्याने स्पर्धेत भागच घेतला नाही. माझे चित्र वर्षभर व्हरांड्यात लागले होते. तो रोज त्यापुढून जाई, कधी एक शब्द बोलला नाही. त्या अबोल्यातून माझी पहिली कादंबरी निघाली, हे आज प्रथमच सांगते.

सरांनी चित्र उतरवून माझ्या हाती दिले, तेव्हा आम्ही दोघेच होतो. त्यांनी झाडाच्या सावलीवर बोट ठेवले. उजव्या हाताने चित्र काढणाऱ्याच्या छायेच्या रेघा सहसा एका अंगाला कलतात, डावखुऱ्याच्या दुसऱ्या. "रेघा डाव्या हाताच्या, सही उजव्या," सर म्हणाले, आणि पुढच्या वर्गाला निघून गेले.

आमच्या वर्गात डावखुरा एकच होता. निमंत्रण सर्व माजी विद्यार्थ्यांना गेले आहे, असे चिटणीसांनी मला सांगितले. सभागृहात कोण कोण आले आहे, ते मी अजून नीट पाहिलेले नाही.