गुणी म्हणविल्या जाणाऱ्या मुली
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुंभकोणम् येथील पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी मी काहीशा अवघड विषयावर बोलणार आहे. परंतु ज्या मंडळात पन्नास वर्षे आपण एकमेकांच्या सुखदुःखाची वास्तपुस्त केली, तेथे तो परका वाटू नये. विषय आहे स्वमग्न मुलींचा.

स्वमग्नता हा आजार नव्हे आणि आईच्या संगोपनातील उणिवेचे फळही नव्हे; ती मेंदूची जन्मजात वेगळी घडण होय. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ बालकांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या. त्यांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. पुढे लक्षणांची वर्णने बहुतांशी मुलग्यांवरूनच ठरत गेली आणि मुली दृष्टीआड राहिल्या. पुष्कळ स्वमग्न मुली इतरांचे हसणे-बोलणे बारकाईने पाहून त्याचे अनुकरण करतात. त्यातून आपल्या घरांत मुलीचे अबोल असणे हा संस्कारच समजला जातो. मग शंका यावी कोणाला?

मलाही आली नाही. मी शिक्षिका असताना माझ्या वर्गात आपल्यांतीलच एका घरची मुलगी होती. तिच्या प्रगतिपुस्तकात मी 'शांत व आज्ञाधारक' असा शेरा दरवर्षी लिहीत असे. मधल्या सुट्टीत ती एका मैत्रिणीच्या मागे मागे चाले. मैत्रीण हसली की हसे. घरी पोचताच मात्र दप्तर टाकून तासभर रडे. तिची आई मला विचारावयास आली, तेव्हा मी म्हटले, "अहो, शाळेत तर ती अगदी गुणी आहे. घरी लाड होत असतील." बिचारी "बरं, बाई" म्हणून परत गेली. तेराव्या वर्षी मुलीने शाळेत पाऊल टाकण्याचेच नाकारले, तेव्हा कोठे निदान झाले. दिवसभर सावरून धरलेला बांध, जेथे सुरक्षित वाटे तेथे, म्हणजे घरीच, फुटत होता. माझे ते वाक्य मला अजून बोचते.

त्या कुटुंबास कोणी सल्ला दिला की, घरातील मराठी सोडा, केवळ तमिळ बोला. त्यांनी तो ऐकला आणि आजी-नातीचे बोलणेच खुंटले. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांच्या भाषेची हानी होत नाही, असे आजवरचे संशोधन सांगते. व्यंकोजीराजांच्या काळापासून या मुलखात आपण घरी मराठी व बाहेर तमिळ बोलत आलो. त्या मराठीस दोष देऊ नका.

मग करावे काय? शाळेतून आल्यावर अर्धा तास प्रश्न न विचारता तिला स्वस्थ बसू द्यावे. लग्नघरातील नादस्वरम्-तविलचा नाद तिला असह्य होत असेल, तिरुभुवनमच्या रेशमाची जर टोचत असेल, तर सुती परकर चालेल आणि मागची खोलीही चालेल. त्याने घराण्याची अब्रू जात नाही. मासिक पाळीविषयी आधीच, साध्या शब्दांत, क्रमाने सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिला 'नको' म्हणावयास शिकवावे. प्रत्येकाचे ऐकणारी मुलगी दुष्ट माणसाचेही ऐकते.

शिक्षकांनी वेळापत्रकातील बदल आधी कळवावा, सूचना फळ्यावर लिहाव्यात आणि गुणांइतकेच लक्ष मधल्या सुट्टीकडे द्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात. चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे केंद्र सरकारची बहुविकलांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. लग्न जमण्यास अडचण येईल, या भीतीने निदान लपवू नका. लपविल्याने मुलगी बदलत नाही, एकटी मात्र पडते.

आपल्या घरी एखादी फार गुणी मुलगी असेल, तर तिची स्तुती जरूर करा. पण हे गुणीपण टिकविताना ती थकते का, हेही तिला एकदा विचारा. उत्तर लगेच येणार नाही. थांबण्याची तयारी ठेवा.