छेद लहान, पण वेळ महत्त्वाची

गर्भातील बालक फुप्फुसांनी श्वास घेत नाही. म्हणूनच महारोहिणी आणि फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी यांना जोडणारी एक आखूड वाहिनी निसर्गाने ठेवलेली असते. जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. काही बालकांत मात्र ती उघडीच राहते. डॉक्टर या दोषास ‘पीडीए’ म्हणतात. शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसात शिरते व हृदयावर भार पडतो. अंगावर पिताना मूल धापते, घामाघूम होते, वजन धरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा वा यावल तालुक्यातील एखाद्या पाड्यावर ‘पोराची छाती सारखी भरते’ एवढ्यावरच हे निभावून नेले जाण्याचा धोका असतो.

बोस्टन येथे १९३८ साली डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची ही वाहिनी यशस्वीपणे बांधली. पुढे अनेक वर्षे त्यासाठी बरगड्या फाकवाव्या लागत. वाढत्या वयात काही मुलांचा कणाही त्यामुळे वाकडा होई. १९९० नंतरच्या दशकात पॅरिसच्या डॉ. लाबोर्द यांनी बरगड्यांमधील बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून वाहिनीस चिमटा लावण्याची पद्धत रूढ केली. आता तर पुष्कळ मुलांत मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून आतूनच बूच बसविता येते. वाहिनी फार रुंद असल्यास मोठा छेद घ्यावा लागतो. तो निर्णय शल्यविशारदांवर सोडणेच शहाणपणाचे.

परंतु विलंब झाल्यास यातील कोणतीच पद्धत उपयोगी पडत नाही. वाहिनी मोठी असेल तर वाढत्या दाबाने फुप्फुसातील रक्तवाहिन्या कठीण बनतात आणि एका मर्यादेनंतर ती बंद करणेच जिवावर बेतते.

शासकीय साहाय्याची सोय झालेली आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगावचा समावेश पुढील वर्षी झाला. २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी होते.

अडचण आहे ती हजेरीची. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात, मुलेही त्यांच्यासोबत जातात आणि पथक येते तेव्हा घराला कुलूप असते. अंगणवाडी सेविका व शिक्षकांनी अशा गैरहजर बालकांची नावे वेगळी टिपून ठेवावीत. टोळ्या परतताच ग्रामपंचायतीने ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पोहोचवावी आणि त्या मुलांच्या तपासणीचा दिवस तेथूनच ठरवून घ्यावा.