दफ्तराबाहेरचा सायकलस्वार
(आकाशवाणीवरून दिलेले भाषण)



पुणे शहराची ओळख एके काळी ज्या अनेक विशेषणांनी करून दिली जात असे, त्यांपैकी ‘सायकलींचे शहर’ हे विशेषण मला सर्वांत प्रामाणिक वाटते. कारण त्यात स्तुतीचा किंवा अभिमानाचा काही अंश नव्हता, ते केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तुस्थितीचे निवेदन होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा पहिल्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी पेठापेठांतून बाहेर पडलेले कामगार, त्यांच्यामागून दहाच्या ठोक्याला कचेरी गाठू पाहणारे कारकून, छापखान्यांतले जुळारी, शाळामास्तर, बँकांतले शिपाई असे सारे नोकरदार पुणे लकडी पुलावरून, नव्या पुलावरून आणि संगमाच्या पुलावरून सायकलींवर बसूनच नदी ओलांडीत असे, आणि सायंकाळी त्याच क्रमाने परतत असे.

हे याच शहरात इतक्या प्रमाणावर का घडले, याची कारणे शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. कात्रजकडचा आणि गणेशखिंडीकडचा चढ सोडला, तर जुने शहर नदीच्या खोऱ्यात बऱ्यापैकी समतल पसरलेले आहे. पर्वतीच्या पायथ्यापासून खडकीपर्यंतचे अंतर मध्यम प्रकृतीच्या माणसाने पाऊण तासात, फार न दमता, काटावे एवढेच आहे. आणि चैत्र-वैशाखातील दुपार वगळता येथील हवा अंगमेहनतीला अनुकूल अशी आहे. अठ्ठावीस इंची चाकांची, उंच दांडीची, वजनाने वीस किलोच्या आसपास भरणारी ती काळी सायकल आजच्या दृष्टीला अवजड भासेल. परंतु पायी चालताना जितकी शक्ती खर्च होते, तिच्या सुमारे एकपंचमांश शक्तीत तेच अंतर तिच्यावरून काटता येते, आणि वर जेवणाचा डबा, भाजीची पिशवी, मधल्या दांडीवर शाळेत सोडावयाचे मूल एवढा प्रपंच ती विनातक्रार वाहते. मासिक प्राप्ती बेताची असलेल्या कुटुंबाला एवढ्या निष्ठेने सेवा देणारी दुसरी वस्तू घरात क्वचितच असेल.

त्या काळातील एका गोष्टीचे स्मरण मला आज मुद्दाम करून द्यावयाचे आहे. पूर्वी नगरपालिका, आणि १९५० साली महानगरपालिका स्थापन झाल्यावर ती, सायकलींवर कर आकारीत असे. कर भरला की धातूचा एक लहानसा बिल्ला मिळे. तो सायकलीला लावावा लागे. आणि बिल्ल्यावाचून, अथवा रात्री दिव्यावाचून, किंवा मागे दुसरा माणूस बसवून जाणाऱ्या स्वाराला हटकण्याचा अधिकार शिपायाला असे. या कराबद्दल लोक कुरकुरत, आणि तो उठला तेव्हा कोणालाही वाईट वाटले नाही, हे खरेच. परंतु बिल्ल्याबरोबर आणखी एक गोष्ट निघून गेली, आणि ती म्हणजे शहराच्या दफ्तरातील सायकलस्वाराची नोंद. वसुली होती तोवर शहरात सायकली किती, गेल्या वर्षापेक्षा वाढल्या की घटल्या, याचा कच्चा का होईना, हिशेब कोणातरी कारकुनाच्या वहीत होता. मोटार वाहन कायद्याखाली नोंद होते ती इंजिनाच्या वाहनांची. सायकलीची नोंद ठेवणारी कचेरी आज नाही. जे वहीत नाही त्याची अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा राज्यकारभाराचा जुना स्वभाव आहे, आणि गेल्या चार-पाच दशकांत या शहरातील सायकलस्वाराच्या वाट्याला जे आले, त्याचा उगम मला या एका गोष्टीत दिसतो.

सायकल मागे पडण्यास इतर कारणे नव्हती, असे मला म्हणावयाचे नाही. १९७२ साली बजाजची ‘चेतक’ आणि कायनेटिकची ‘लूना’ ही दोन्ही वाहने बाजारात आली, आणि ज्यांना पूर्वी पायांखेरीज दुसरे बळ नव्हते अशा लक्षावधी मध्यमवर्गीयांना, विशेषतः नोकरी करणाऱ्या स्त्रियांना, त्यांनी मोठा दिलासा दिला. त्याबद्दल मनात कृतज्ञताच बाळगली पाहिजे. पुढे शहर चहूंकडे वाढले. हिंजवडीसारखी कामाची ठिकाणे पेठांपासून पंधरा किलोमीटरांहून दूर गेली, आणि इतके अंतर रोज दोन वेळा पायाने रेटावे अशी अपेक्षा कोणाकडूनही करता येणार नाही. परंतु सर्वांचेच कामाचे ठिकाण काही इतके लांब गेले नाही. ज्यांचे काम अजून तीन-चार किलोमीटरांच्या परिघात आहे, त्यांचाही रस्ता आपण जवळजवळ बंद करून टाकला, एवढे मात्र माझे निश्चित म्हणणे आहे.

हा रस्ता कसा बंद होतो, हे मोटारीतून दिसत नाही. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता हे दोन्ही एकेरी झाले, तेव्हा इंजिनाच्या वाहनाला एका वळशाचे थोडेसे इंधन अधिक लागले, इतकेच. सायकलस्वाराला मात्र तोच वळसा स्वतःच्या गुडघ्यांनी फेडावा लागतो. चालती सायकल थांबवून तिला पुन्हा पहिल्या वेगावर आणणे हे सपाटीवरून सरळ जाण्याहून कितीतरी अधिक श्रमाचे असते, म्हणून जो चौक मोटारीला अर्ध्या मिनिटाचा खोळंबा वाटतो, तो स्वाराला एखाद्या लहानशा चढासारखा वाटतो. आषाढात पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन कोथरूडकडे निघालेल्या माणसाला विचारा. दर थांब्यानंतर पेडलवर उभे राहून पहिले चार-सहा फेरे रेटणे म्हणजे काय, ते तो सांगेल. त्यातच मागून कर्णा वाजवीत येणारी बस त्याला कडेला लोटते, आणि कडेला तर गटाराच्या झाकणाची फट, वाळू आणि उभ्या केलेल्या गाड्यांची अकस्मात उघडणारी दारे असतात.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला येणारे एक पहारेकरी आहेत. त्यांची सायकल मी अनेकदा निरखून पाहिली आहे. मागच्या चाकाच्या तीन-चार तारा वेगवेगळ्या रंगाच्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बदललेल्या. बैठकीवर पावसापासून बचावासाठी प्लॅस्टिकची पिशवी ओढून बांधलेली. आणि कॅरियरला, कोण्या रस्ता-कामगाराच्या जुन्या जाकिटाची असावी अशी, उजेड पडताच चमकणारी पट्टी सुतळीने घट्ट आवळलेली. दिवा त्यांना परवडत नाही असे नाही. परंतु सायकल बाहेर उभी केली की तो चोरीला जातो, असे ते सांगतात. पंक्चर झाले तर पूर्वी प्रत्येक नाक्यावर झाडाखाली पत्र्याचे घमेले घेऊन बसलेला कारागीर असे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुड्यावरून छिद्र हेरावे, कानशीने जागा खरवडावी, सोल्यूशन लावून ते किंचित सुकेपर्यंत थांबावे आणि मग ठिगळ दाबावे, हे सारे तो बोलता बोलता उरकत असे. आता असे दुकान गाठण्यासाठी या गृहस्थांना भर रात्री मैलभर सायकल हातात धरून चालावे लागते. दुकाने कमी झाली म्हणून सायकली कमी झाल्या, की सायकली कमी झाल्या म्हणून दुकाने, हा प्रश्न व्यर्थ आहे. दोन्ही एकमेकांना ओढीत खाली नेतात.

२०११ च्या जनगणनेत देशातील बिगर-शेती कामगारांपैकी शेकडा सुमारे तेरा लोक कामावर सायकलीने जातात असे आढळले. ही संख्या क्षुल्लक नव्हे. परंतु शहरात सायकलीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो रविवारी सकाळी शिरस्त्राण घालून सिंहगडाकडे निघालेला हौशी तरुण. त्याच्या आरोग्याचे मला कौतुक आहे. परंतु रस्त्यावर ज्याचा हक्क सर्वांत अधिक, तो मनुष्य सोमवारी पहाटे निघतो आणि त्याच्यापुढे दुसरा पर्याय नसतो.

पुणे महानगरपालिकेने २०१७ साली आठशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या सायकलमार्गांचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. आराखडा अभ्यासपूर्वक केलेला आहे, आणि त्याविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु सायकलमार्गाचे मोल त्याच्या एकूण लांबीवरून ठरत नाही. तो कोठे तुटतो यावरून ठरते. अर्धा मैल उत्तम फरसबंदी, मग विजेची पेटी, मग बसथांबा, मग फेरीवाल्याची गाडी, आणि चौक आला की मार्गाचा पत्ताच नाही, अशा पट्ट्यावरून शहाणा स्वार दुसऱ्या दिवशी जात नाही. सर्वांत मोठा धोका चौकातच असतो, आणि नेमके तेथेच त्याला उतरून, सायकल उचलून, आपली वाट आपण शोधावी लागते.

काळाचा ओघच तसा आहे, असे म्हणून कित्येक सद्गृहस्थ हा विषय संपवितात. त्यांनी नेदरलँड्सचा इतिहास अवश्य पाहावा. आज सायकलींसाठी ख्यात असलेल्या त्या देशातही १९५० नंतर मोटारींनी सायकलींना असेच हटविले होते. १९७१ साली तेथील रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही विचार करणे भाग पडले. आणि मग चौकाचौकांतून रस्त्यांची मांडणी पालटत गेली. तेथे ओघ वळला, तो माणसांनी वळविला म्हणून.

आपणास प्रारंभ करावयाचा, तर तो मोजणीने करावा. कर पुन्हा बसवू नये. गरिबाच्या वाहनावर कर बसविणे हे कोणत्याही काळी अन्यायाचेच होते. परंतु वर्षातून काही ठरावीक दिवशी सायकलस्वारांची गणती व्हावी, आणि ती दरसाल प्रसिद्ध व्हावी. या गणतीत एक पथ्य पाळावे लागेल: मोटारींची गर्दी ज्या वेळी असते त्याच वेळी मोजणारे उभे करून भागणार नाही. पहाटे पाचपासून, दूध आणि वर्तमानपत्रे निघतात तेव्हापासून, रात्रीच्या पाळीचे पहारेकरी जागेवर पोचेपर्यंत त्यांना उभे राहावे लागेल. आणि ते केवळ मोठ्या चौकांत नव्हे, तर वारज्याकडून कर्वेनगरात येणाऱ्या वाटेवर, बंडगार्डनच्या पुलावर आणि जनता वसाहतीतून खाली उतरणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशीही. प्रत्येक स्वाराला दोनच प्रश्न पुरेत: कोठून कोठे जाता, आणि वाटेत सायकलीवरून कोठे कोठे उतरावे लागते. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे शहराच्या नकाशावर मांडली, की पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकातील पैसा प्रथम कोणत्या चौकात खर्च करावयाचा, याची यादी अभियंत्यांच्या हाती तयारच येईल.