झारांची अनियंत्रित सत्ता आणि बहामनी दौलत



रशियाच्या झारांची कथा कुंडलिकेच्या काठी कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात नवल नाही. पण आपली ही कुंडलिका ज्या खाडीने समुद्राला मिळते, तिच्या मुखाशी रेवदंडा आहे आणि त्याला लागूनच चौल. या चौलच्या बंदरात १४६९ च्या सुमारास एक रशियन व्यापारी उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ साली. हा गृहस्थ त्याच्याही आधी जवळजवळ तीस वर्षे. नाव अफनासी निकितीन, राहणार त्वेरचा. बरोबर विकायला आणलेला एक घोडा. रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे, ते आपल्यापैकी काहींनी पाहिलेही असेल.

निकितीन चौलहून घाट चढून जुन्नरला गेला. तेथल्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदलशील तर घोडा परत देतो, असे बजावले. एका खोरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली म्हणून घोडा सुटला आणि धर्मही राहिला. पुढे तो बिदरला पोहोचला. बहामनी राजधानीत त्याला जे दिसले ते त्याने टिपून ठेवले: गादीवर तरुण सुलतान, पण अंमल खोरासानी अमिरांचा, अमीर चांदीच्या पालखीत, आणि खेड्यातली रयत उघडीवाघडी, कंगाल. आपल्या देशाची आठवणही त्याला मधूनच येते. रशियासारखी भूमी नाही म्हणतो, पण तिथले सरदार न्यायाने वागत नाहीत, अशी खंतही लिहून जातो. राजाबद्दल त्याची तक्रार नाही, जाच सरदारांचा. हे लक्षात ठेवावे.

कारण त्याच दहा-पंधरा वर्षांत सरदारांना वेसण घालण्याचा प्रयत्न दोन्ही देशांत चालू होता. बिदरला तो वजीर महमूद गवान करीत होता. राज्याचे चार तरफ होते, त्यांचे त्याने आठ केले. प्रत्येक तरफातला काही मुलूख थेट सुलतानाच्या खालशात घेतला. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर दरबारचे किल्लेदार नेमले. पदरी ठेवायचे तितके शिपाई ठेवले नाहीत तर तेवढी रक्कम कापून घ्यायची, हाही नियम केला. कागदावर ही व्यवस्था फार उत्तम होती. पण ती राबवणारा स्वतः राजा नव्हता, आणि शिवाय परदेशी होता. दख्खनी अमिरांनी त्याच्या मोहोरदार गुलामाला फितवून ओरिसाच्या राजाला लिहिलेले एक बनावट पत्र तयार केले. १४८१ साली सुलतानाने सत्तरी उलटलेल्या या वजिराचा वध करविला. पुढच्याच वर्षी सुलतानही गेला. मग जो तो तरफदार आपापल्या मुलखाचा शहा झाला. आपले चौल निजामशाहीकडे गेले ते या फाटाफुटीत.

तिकडे मॉस्कोला तिसरा इव्हान गादीवर होता. १४६२ ते १५०५, म्हणजे त्रेचाळीस वर्षे. १४७८ साली त्याने नोव्हगोरोद घेतले. त्या शहरात नागरिकांची सभा भरत असे आणि सभेला बोलावणारी एक मोठी घंटा होती. इव्हानने ती घंटाच उतरवून मॉस्कोला नेली! तेथल्या जमीनदारांना उठवून दुसऱ्या प्रांतांत बसवले आणि त्यांच्या जमिनी आपल्या शिपायांना चाकरीच्या अटीवर दिल्या. चाकरी संपली की जमीन परत. १४८० साली तातारांचे वर्चस्व झुगारले, आणि १४८५ साली त्वेर घेतले. निकितीनचे त्वेर. हे पाहायला तो नव्हता. परतीच्या वाटेवरच तो वारला, आणि त्याची वही १४७५ साली मॉस्कोच्या महाराजाच्या कारकुनाच्या हाती पडली.

एकीकडे जमले आणि दुसरीकडे का फसले? इव्हान क्रूर आणि गवान मवाळ, हे उत्तर आम्हांला पटत नाही. पूर्वी रशियन सरदाराला एक हक्क असे: एका राजाची चाकरी न मानवली तर दुसऱ्याकडे जावे. मॉस्कोने एकेक राज्य गिळले तसा हा हक्क आपोआप लटका पडला. जायचे कुठे? लिथुआनियाखेरीज दारच उरले नाही. दख्खनेत मात्र रुसलेल्या अमिराला गुजरात होते, माळवा होता, विजयनगर होते, आणि स्वतःचा बळकट किल्ला तर होताच.

आपल्या रायगडावर १६७४ साली जो राजा छत्रपती झाला, त्याने हा रोग ओळखला होता. फौजेला जमिनी न तोडता रोख पगार, आणि एका किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे तिघे, कोणा एकाच्या हाती सारे नाही. १६८९ नंतर राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात असताना सरदार टिकवायचे म्हणून वतने द्यावी लागली आणि ते धोरण सुटले. त्या प्रसंगी दुसरे काही करता आले असते असे आम्हांला वाटत नाही.

आता रशियाला सरदार वठणीवर आणण्याची किंमत काय पडली, ते पाहू. ‘समोदेर्झेत्स’ ही झारांची पदवी. तिचा मूळ अर्थ एवढाच, की हा राजा कोणा खानाचा मांडलिक नाही. हळूहळू तिचा अर्थ झाला, की हा कोणालाच जाब देणे लागत नाही. चौथ्या इव्हानने १५४७ साली झार म्हणून राज्याभिषेक करून घेतला. १५६५ पासून सात वर्षे त्याने राज्याचा एक भाग खास आपला म्हणून वेगळा काढला आणि काळ्या पोशाखाचे स्वार देशभर सोडले. १५७० साली त्यांनी नोव्हगोरोदमध्ये कत्तल केली. सभेची घंटा जाऊन तेव्हा ब्याण्णव वर्षे झाली होती.

पण अधिक खोल जखम तलवारीची नव्हे, कायद्याची. चाकरीवरच्या शिपायाला जमीन दिली, पण ती कसणारा कुणबी पळून गेला तर जमिनीचा उपयोग काय? म्हणून कुणब्याच्या पायात बेडी घालणे आले. १६४९ च्या संहितेने पळालेल्या कुळाला केव्हाही, कितीही वर्षांनी पकडून आणण्याचा हक्क मालकाला दिला. सरदार झाराला बांधलेला आणि कुणबी सरदाराला बांधलेला, असा तो हिशेब होता. पुढे १७६२ साली सरदारांना सक्तीच्या चाकरीतून मोकळीक मिळाली. मग कुणब्याला बांधून ठेवायचे कारणच संपले होते. तरी त्याची सुटका झाली १८६१ साली, आणि तीही आपल्याच जमिनीचे हप्ते वर्षानुवर्षे फेडण्याच्या अटीवर.